आमची वाटचाल: मुद्गलापासून गोल्फच्या सरावसाधनांपर्यंत

वडिलांनी बडोद्यात दांडिया बाजारात लेथ बसवला तो तालमींना मुद्गल आणि लाठ्या पुरवण्यासाठी. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात अशा मालाला गिऱ्हाईक होते. गोल्फशी आमचा संबंध पुढे दुरुस्तीच्या निमित्ताने आला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर खेळणारे एक गृहस्थ क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, झिजलेली ग्रिप (मूठ) बदलून घेण्यासाठी आले आणि जाता जाता, सरावासाठी जड काठी करून द्याल का, असे त्यांनी विचारले.

मुद्गल फिरवून खांदे तयार होतात, तर जड क्लब फिरवून स्विंग, म्हणजे फटक्यासाठी क्लब फिरवण्याची क्रियाही सुधारेल, असा सरळ हिशेब मी केला आणि पहिल्याच खेपेला 25 नग बनवले. सहा महिन्यांत त्यांतले बरेच परत आले. एका गिऱ्हाइकाने सांगितले की हाताला जोर आला खरा, पण उजवीकडे वळणारा चेंडू आता आणखी लांबच्या झाडीत जातो. त्यांचे म्हणणे रास्त होते आणि चूक आमची होती.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो, म्हणजे त्या क्षणी हात सावरण्यास अवधीच नसतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे प्रामुख्याने क्लबच्या तोंडाच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, रोखावर ठरते आणि तो हवेत किती वळणार हे त्या तोंडाचा व क्लबच्या मार्गाचा मेळ कसा आहे यावर. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या क्लबचे तोंड मार्गाच्या मानाने उघडे, म्हणजे उजवीकडे वळलेले, राहिले की स्लाइस होतो, म्हणजे चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो. जड काठी यांपैकी काहीच सांगत नाही. जे साधन चूक तिथल्या तिथे दाखवते तेच घेण्याजोगे, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

म्हणून आता दुकानात आम्ही प्रथम चेंडू कुठे जातो ते विचारतो आणि लक्ष्याच्या रेषेत, खेळाडूच्या मागून घेतलेला मोबाइलवरचा व्हिडिओ पाहतो. पुष्कळदा पहिला सल्ला फुकटाचाच असतो: क्लबच्या तोंडावर थोडी पावडर लावा आणि चेंडूचा ठसा मध्यावर उमटतो की टोकाकडे, ते पाहा. त्यानंतर फायबरग्लासच्या दोन कांड्या, एक पायांशी आणि एक चेंडूच्या रेषेत ठेवण्यासाठी. स्लाइस टाळण्यासाठी डावीकडे रोख धरून उभा राहणारा मनुष्य तो स्लाइस वाढवतच असतो आणि हे त्याला कांडी पाहिल्याखेरीज पटत नाही. आम्ही आधी या कांड्या लाकडाच्या करत होतो, पण पावसाळ्यात त्या वाकत. चेंडूशी पोचण्याआधीच ज्याचे मनगट सुटते त्याला आम्ही इम्पॅक्ट बॅग, म्हणजे क्लबने फटका मारून सराव करण्याची पिशवी, देतो, मात्र ती जुन्या कपड्यांनी भरावी. वाळू भरल्यास मनगट दुखावते. घाई करणाऱ्याला लवचीक दांड्याचा क्लब उपयोगी पडतो, कारण मागे नेण्यास लागणारा वेळ खाली आणण्याच्या सुमारे तिप्पट असावा ही लय त्यात बिघडली तर लगेच जाणवते.

गच्चीवर जाळी लावणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. आमच्याकडच्या क्रिकेटच्या जाळीचे घर 50 मिलिमीटरचे आहे आणि गोल्फच्या चेंडूचा किमान व्यास 42.67 मिलिमीटर, तेव्हा शेजाऱ्यांच्या काचांचा विचार आधी करावा. तसेच ही साधने सरावापुरतीच असतात. फेरी चालू असताना जड क्लब फिरवला किंवा कांडी ठेवून रोख धरला, तर नियम 4.3 प्रमाणे दंड होतो आणि दुसऱ्यांदा तेच केल्यास खेळाडू बाद ठरतो.

एका वेळी एकच साधन घ्यावे, असा आमचा आग्रह असतो. त्यामुळे विक्री कमी होते, ही मुलाची तक्रार खोटी नाही. त्या पहिल्या खेपेतल्या दोन जड काठ्या अजून दुकानात उभ्या आहेत. कोणी मागितलीच तर पाठीचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही ती हातात देत नाही.