तुम्ही विचारलंत म्हणून : रेडा बोलला का?

देवळात जात नाही, वारीला जात नाही, आणि रोज सकाळी ज्ञानेश्वरी मात्र मोठ्यानं वाचता. मग पैठणला रेड्यानं वेद म्हटले, हे मानता का? सदाशिव पेठेत राहून हा प्रश्न चुकत नाही.

नाही मानत. पण ती गोष्ट मला जवळची आहे, कारण मी तोतरा. 'प'शी तर माझं जुनं वैर. बसमध्ये 'पासोड्या विठोबा' म्हणायची वेळ आली की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. कंडक्टर 'बोला लवकर' म्हणाला की पुढच्या स्टॉपचं तिकीट काढून मी आपल्या स्टॉपवर उतरायचो. पैसे जास्त गेले तरी चालतील, पण 'प' नको!

ओवी लयीत म्हणताना मात्र जीभ अडत नाही. बऱ्याच तोतऱ्यांचं असंच असतं, त्यात चमत्कार काही नाही. मी वाचायला लागलो तेही एवढ्यासाठीच. रमलो बाराव्या अध्यायात. चित्त सगळं देता येत नसेल तर आठ प्रहरांत 'मोटकें निमिषभरी', म्हणजे अगदी क्षणभर, दे, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. मग शरदात नदी ओसरते, पुनवेचा चंद्र झिजत अवसेला नाहीसा होतो, तसं मन हळूहळू विषयांतून निघेल. गीतेच्या त्या श्लोकात ना नदी आहे ना चंद्र, ते ज्ञानदेवांचं. पुढे तर अभ्यासाच्या, म्हणजे सरावाच्या, बळावर कुणी विष पचवतो, कुणाला समुद्रात पायवाट सापडते, कुणी वाग्ब्रह्म, म्हणजे वेदवाणीसुद्धा, आवाक्यात आणतो.

समुद्रावरून खरंच कुणी चालत गेला म्हटलं, तर तो थोर. मी नमस्कार करून घरी जाणार. रूपक म्हणून वाचलं की काम माझ्यामागे लागतं. आणि नुसता जोर पुरत नाही, पायवाट आधी दिसावी लागते. म्हणून मी बोलण्याआधी सगळं डोळ्यांपुढे आणतो : कंडक्टर, हातातले सुटे पैसे, स्वतःचे सैल सोडलेले ओठ. मग मंडईपर्यंत 'प' घोळवत चालतो. लोक बघतात. बघोत, पेठांमधून पुटपुटत जाणारा मी काही एकटा नाही.

शेजारच्या काकूंना हे अजिबात पटत नाही. "माउलींना स्पीच थेरपीला जुंपलंत की हो तुम्ही!" म्हणतात. असेल. पण संस्कृतातली गीता चारचौघांच्या तोंडी यावी, म्हणूनच ना 1290 साली नेवाशाला ती मराठीत सांगितली? त्या चारचौघांत माझंही तोंड आलंच की, काकू.