आमची वाटचाल : विहिरीवरच्या इंजिनापासून जावाच्या बोअरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आण्णांनी एक जुनी लेथ आणि एक बोअरिंग मशीन घेऊन भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे शेतकरीच. विहिरीवरची डिझेल इंजिनं टेम्पोत घालून यायची. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत मशीन थांबत नसे. मग रानोरानी वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि आमच्या दारातली इंजिनं कमी होत गेली.

तिकडे म्हैसूरचा आयडियल जावाचा मोटारसायकलींचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १९६१ पासून तिथं आधी जावा आणि पुढं येझदी बनत होती. कारखाना गेला, गाड्या मात्र घराघरांत राहिल्या. अस्सल पार्ट मिळेनात, तशी माणसं उद्यमनगरात चौकशी करत फिरू लागली.

आमच्याकडे पहिली जावा आणली ती एका निवृत्त गुरुजींनी. म्हणाले, “पोरा, विहिरीचं इंजिन करतोस, मग हे का नाही?” आण्णा नको म्हणत होते, मी हो म्हणालो. पिस्टनच्या खोक्यावर ६५.५० लिहिलं होतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून मी बोअर मारला, म्हणजे सिलिंडरचं भोक कापून मोठं केलं, पिस्टन मोजलाच नाही. आठवड्याभरात आंबा घाटाच्या चढाला गाडी जाम झाली, मागचं चाक घासत गेलं. गुरुजींचा हात क्लचवर होता म्हणून वाचले. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर उभे ओरखडे. मायक्रोमीटर लावल्यावर कळलं, पिस्टन खोक्यावरच्या मापापेक्षा तीन शतांश मिलिमीटरने मोठा होता. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये जिथं सहा-सात शतांशाची फट हवी, तिथं निम्मीच राहिली होती. पिस्टनचं ॲल्युमिनियम तापलं की सिलिंडरच्या बिडापेक्षा (ओतीव लोखंडापेक्षा) जास्त फुगतं. घाटात त्याला जागाच उरली नाही. ते काम आम्ही पदरच्या पैशांनी पुन्हा करून दिलं. गुरुजी परत आले, हे माझं भाग्य.

त्या दिवसापासून आमच्याकडे आधी पिस्टन येतो, मग मशीन चालू होतं. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनेच्या काटकोनात, स्कर्टच्या म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाच्या कडेजवळ माप घ्यायचं, सिलिंडरवर खडूनं लिहायचं, आणि शेवटची दोन-तीन शतांश होनिंगसाठी, म्हणजे दगडानं घासून गुळगुळीत करण्यासाठी राखायची.

बोअर मारून मारून सिलिंडर शेवटच्या ओव्हरसाईझच्या, म्हणजे मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या पिस्टनच्याही पुढं गेला, की लोक भंगारात टाकायला निघतात. मला ते बघवत नाही. आम्ही त्यात बिडाची नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवतो. इथल्या फौंड्रीत चांगलं बीड मिळतं, हे आमचं नशीब. पण जावासारख्या टू-स्ट्रोकच्या स्लीव्हला पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायची भोकं, कापावे लागतात, आणि खरी कसोटी तिथंच आहे. जुन्या बोअरमध्ये पातळ कागद गुंडाळून दाबून धरायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची. पोर्टच्या कडा कागदावर उमटतात. तो कागद नव्या स्लीव्हवर चिकटवून त्याबरहुकूम कापायचं. कडा धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते, म्हणून प्रत्येक कड बारीक कानशीनं हातानं मोडावी लागते. जावाला दोन सायलेन्सर, म्हणजे एक्झॉस्टचे पोर्टही दोन. एका सिलिंडरला अख्खी सकाळ जाते आणि मी ती घाईनं उरकू देत नाही.

पिस्टनच्या हालचालीनं फिरणाऱ्या क्रँकचं कामही तसंच. प्रेसवर पिन काढायची, नवी पिन, रोलर आणि कनेक्टिंग रॉड घालायचा, मग दोन सेंटरमध्ये धरून वाकडेपणा मोजणारा डायल लावायचा. काटा जास्त हलला की पितळी हातोड्याचा एक टोला, पुन्हा फिरवून बघायचं. दोन-तीन शतांशाच्या आत काटा आला की माझा पुतण्या नुसता माझ्याकडे बघतो, बोलत नाही.

प्रत्येक धुराला रिबोअर हे औषध नाही, हेही या कामानं शिकवलं. क्लचच्या बाजूचं ऑईल सील गेलं की इंजिन गिअर ऑईल ओढून जाळतं, पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑईल गुपचूप कमी होत जातं. अशी गाडी आली की आम्ही आधी गिअर ऑईल तपासतो. नुसत्या सीलवर भागणारं काम असेल तर तेवढंच करतो. चांगला सिलिंडर विनाकारण कापणं मला पाप वाटतं, कारण एकदा काढलेलं बीड परत भरता येत नाही.

आता गाळा स्वतःचा आहे. बुलेट आणि राजदूतही येतात. खंडेनवमीला हार मात्र पहिल्यांदा आण्णांच्या त्या जुन्या बोअरिंग मशीनलाच. पोर्टचे कागद मी टाकलेले नाहीत. प्रत्येकावर मॉडेल आणि माप लिहून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. अगदी तळाशी गुरुजींच्या जावाचा आहे, त्यावर आण्णांच्या अक्षरात ‘६५.५०, पिस्टन मोजून’ असं लिहिलेलं आहे.