हेडसेटमधल्या पेशंटची सासू कुठे आहे?

इंग्लंडला येऊन दीड वर्ष झालं, आणि परवा नर्सिंगच्या वर्गात पहिल्यांदा अशा पेशंटशी बोलले जी खरी नव्हतीच. व्हीआरचा हेडसेट डोळ्यांवर चढवला की समोर वॉर्ड, पलंग, सलाईन आणि पलंगावर साठीची एक बाई, उद्या ऑपरेशन आहे म्हणून घाबरलेली. पर्यायावर क्लिक वगैरे काही नाही, तोंडाने बोलायचं, आपलं बोलणं आधी अक्षरांत उतरतं मग एआय उत्तर तयार करतं आणि ते तिच्या आवाजात ऐकू येतं, त्यात एक-दोन सेकंद जातात आणि तेवढा वेळ ती नुसती बघत राहते.

ते दोन सेकंद मला सोसवेचनात. लगेच पुढचा प्रश्न! नंतर मॅडमनी सगळं बोलणं लिहून आलेलं दाखवलं, सात मिनिटांत मी 'डोन्ट वरी' सहादा म्हटलेलं, आणि तिने दोनदा सांगितलं होतं की नवरा घरी एकटा आहे, ते मी ऐकलंच नाही. खूप वाईट वाटलं. तिकडे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करताना इंजेक्शन, कॅथेटर सगळं पुतळ्यावर गिरवलं होतं, बोलणं मात्र वॉर्डात धावता धावता जमेल तसं.

इथे एनएमसीने, म्हणजे नर्सिंगचे नियम ठरवणाऱ्या इथल्या संस्थेने, २०२३ पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या २३०० तासांच्या प्रॅक्टिसमधले ६०० तासांपर्यंत असं सिम्युलेशनने, म्हणजे बनावट प्रसंग उभा करून, करायला परवानगी दिलीय. माणूस शेजारी लागतोच पण, कारण ही बाई एकदा शुगर नाही म्हणाली आणि पाच मिनिटांनी शुगरची गोळी घेते म्हणाली.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. मावशी यवतमाळकडे घाटंजी तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी नर्स आहे, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, पायी फिरलेली बाई. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "थे सारं ठीक हाय, पण तिची सासू कुठी हाय?"

मला कळलंच नाही आधी.

"अवं, आपल्याकडं पोरीले विचारा, उत्तर सासू देते. दुखते का म्हटलं तं म्हणे काई नाई दुखत तिचं."

"मग तू काय करते?"

"सासूले म्हणतो, माय, घोटभर चहा मांड व माह्यासाठी. थे चुलीपाशी गेली का पोरीपाशी बसतो. लगेच नाई विचारत, लेकराचं नाव विचारतो, मंग चूप राहतो. चहा होईस्तोर पोरगी बोलते. अंगावरून जाते म्हणते, हातपाय गयून गेले म्हणते."

चूप राहणं! मला जे हेडसेट लावून शिकावं लागलं ते मावशी तीस वर्षं चुलीजवळ करतेय. आणि 'हातपाय गयून गेले' मी फोनमधल्या एआयला ऐकवून पाहिलं, त्याला ते काही कळलं नाही. आपल्याकडच्या नर्सिंग शिकणाऱ्या पोरींसाठी असं काही करायचं असेल तर आधी आपल्या बायांचं बोलणं त्यात घालावं लागेल, पुस्तकातली मराठी चालायची नाही.

म्हणून असाइनमेंटला मी तोच प्रसंग लिहून दिला, सून, सासू, चूल, एएनएम. मॅडमना फार आवडला. त्यांनी एवढंच विचारलं की सासू परत यायला किती मिनिटं ठेवायची. मावशीला फोन लावला.

"ओलं सरपण असन तं पंधरा मिनिटं धर," ती म्हणाली, "अन् वाळलं असन तं लवकर विचार."