दार नसलेला मांडव

चैत्र लागला की रानं मोकळी होतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, ऊस तुटून गेलेला असतो, आणि पावसाला अजून दोन महिने अवकाश असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक गावजत्रा या फटीत बसलेल्या आहेत. गव्हाच्या रिकाम्या वावरात पाच हजार माणसं बसवता येतात, उभ्या पिकात पाचसुद्धा नाहीत. देवांनी तिथ्या निवडताना शेतीचं वेळापत्रक पाहिलं असणार, असं मानायला पुष्कळ जागा आहे.

वेळापत्रक गावोगाव थोडं बदलतं, पण सांगाडा एकच. पहिला दिवस गोडा, म्हणजे पुरणपोळीचा नैवेद्य, शेरणी (गोड प्रसाद), रात्री पालखीचा छबिना (मिरवणूक), शोभेचं दारूकाम आणि तमाशा. दुसरा दिवस खारा. सकाळी तमाशाची हजेरी (दिवसाचा छोटा खेळ), दुपारी कुस्त्यांचा हगामा, घरोघरी मटणाचा रस्सा आणि ओळख नसलेले पाहुणे. या सगळ्यात उजेड आहे, वाजप आहे, कसरत आहे आणि तिकीट कुठेच नाही.

तिकीट आहे, पण ते कडेला. आकाशपाळणा, जादूचा तंबू, मौत का कुआँ. नीट पाहिलं तर ज्याला भिंत घालता येते त्याला तिकीट लागतं. कुआँ म्हणजे नुसती भिंतच असते. फळ्यांचा उभा पिंप, आत मोटारसायकल, वर कठड्याला टेकलेलं पब्लिक. चार मीटर त्रिज्येच्या भिंतीवर टायर आणि लाकडाची पकड बरी असेल, तरी ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरच्या खाली गाडी घसरायला लागते. फळी ओली झाली की पकड जाते आणि हा आकडा झपाट्याने वर चढतो. म्हणून पावसाचे चार थेंब पडले की जाणता कुआँवाला खेळ थांबवतो, गल्ल्याकडे बघत बसत नाही.

ज्याला भिंत नाही त्याचे पैसे पट्टीतून, म्हणजे गावाच्या वर्गणीतून येतात. पट्टी कुठे उंबऱ्यावर बसते, कुठे एकरावर. मुंबईच्या चाकरमान्याला फाल्गुनातच फोन जातो. तमाशाची सुपारी हा पट्टीतला मोठा खर्च. ती ठरवायला लोक पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला जातात. हंगामात तिथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या राहुट्या लागतात, बाहेर पाट्या असतात, आत फडाचा माणूस वही घेऊन बसलेला असतो. भाव तिथीवर चढतो. ज्या दिवशी शेकडो गावांची जत्रा एकदम येते, त्या दिवशी मोठा फड महाग आणि दोन दिवसांनी तोच स्वस्त. तरी देवाची तिथी पुढे ढकला म्हणायची छाती कुठल्या कमिटीला होत नाही. सुपारी दिली की तो खेळ गावाचा. शेजारच्या गावच्या माणसाला कुणी विचारत नाही की तू पट्टी दिलीस का, कारण विचारायला दारच नसतं.

दार नसल्याने गर्दी बसवायची कशी हा प्रश्न मात्र उभा राहतो, आणि त्याचं सगळ्यांत जुनं उत्तर म्हणजे गोल. हगाम्याचा गोल, हलगीवाल्याभोवतीचा गोल, डोंबाऱ्याभोवतीचा गोल. मांडून बघा. १३ मीटर व्यासाच्या गोलाचा परीघ साधारण ४१ मीटर. माणसाला अर्धा मीटर धरला तर पहिल्या ओळीत ८० जण बसतात. मागची प्रत्येक ओळ ८० सेंटिमीटर मागे सरकली की तिच्यात दहा जण वाढतात. सहा ओळींत सव्वासहाशे लोक, आणि सगळ्यांत मागचा माणूस कडेपासून चार मीटरवर. तेवढेच लोक १३ मीटर रुंदीच्या स्टेजपुढे बसवायचे तर चोवीस ओळी लागतील, शेवटच्या माणसाला चेहरा दिसणार नाही आणि मग स्टेज चार फूट उचला, स्पीकर लावा हे सगळं मागून येतं. गोल स्वस्त पडतो तो असा.

१३ मीटर हा आकडा उगाच घेतलेला नाही. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या घोडेस्वाराने गोलात घोडे फिरवून खेळ दाखवायला सुरुवात केली. गोलात धावणारा घोडा आत कलतो आणि पाठीवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या फेऱ्यातूनच आधार मिळतो. गोल लहान असेल तर घोडा अडखळतो, मोठा असेल तर आधार पुरत नाही. करून करून तो ४२ फुटांवर, म्हणजे जवळजवळ १३ मीटरवर स्थिरावला, आणि सर्कशीचं रिंगण आजही तेवढंच धरतात. आपल्याकडे सर्कस आणली तीही घोड्याच्याच माणसाने. कुरुंदवाड संस्थानात घोडे तयार करणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत इटालियन कियारिनीची सर्कस पाहिली आणि मार्च १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. हेच विष्णुपंत ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकले होते, आणि हद्दूखाँचे विपन्नावस्थेत सापडलेले चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. गवय्या आणि घोडा एकाच माणसाच्या पदरी, हे ऐकायला अजब वाटतं. जत्रेत वाढलेल्याला तसं वाटायचं कारण नाही.

गोल आपोआप होतो हे खरं, पण टिकत नाही. मागचे पुढे रेटतात आणि अर्ध्या तासात १३ मीटरचे ९ होतात. त्यावर उपाय साधे आहेत. फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेघ आखायची, रेघेला चिकटून लहान पोरं बसवायची (पोरं बसली की मोठी माणसं त्यांच्यावरून पाय टाकायला कचरतात), आणि आतल्या बाजूने पाणी शिंपडायचं. ओल्या मातीत कुणी टेकत नाही. हगाम्याची जाणती मंडळी यासाठीच रेवड्यांवरच्या, म्हणजे बक्षीस रेवड्यांचंच असलेल्या पोरांच्या कुस्त्या आधी लावतात. पोरं आत झुंजत असतात, त्यांचे भिडू रेघेवर बसलेले असतात, तोवर गोल पक्का होतो. मग हलगीचा ठेका बदलतो आणि मोठ्या जोडी उतरतात.

डोंबाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला गावाने सुपारी दिलेली नसते. बांबूच्या दोन कैच्या, मधे दोर, दोन टोकांना मेखा, एक ढोलकं आणि एक थाळी एवढ्यावर त्याचा खेळ. सगळं कसब दोराच्या झोळात असतं. कैच्यांमध्ये ६ मीटर अंतर आहे, मधोमध ४० किलोचं माणूस उभं आहे आणि दोर ३० सेंटिमीटर खाली लवतो आहे, तर दोरावरचा ताण २०० किलोच्या वजनाइतका होतो. दोर आणखी ताणून झोळ १५ सेंटिमीटरवर आणला, की ताण ४०० किलो. चालायला ताणलेला दोर सोपा, पण तो मेख उपटतो. वैशाखातल्या कडक जमिनीत मेख धरते, नांगरलेल्या वावरात धरत नाही. तिथे ती दोराच्या उलट बाजूला कलती ठोकतात आणि मागे दुसरी ठोकून दोन्ही बांधून घेतात. दोरावर बहुधा पोरगीच असते. वजन निम्मं की ताण निम्मा, इतकं ते सरळ आहे. तिची शाळा या हिशोबात कुठेच बसत नाही. हातातला आडवा बांबू शोभेचा नसतो. जितका लांब, तितका तो झटकन फिरत नाही, आणि तोल सावरायला तिला क्षणभर जास्त मिळतो.

या माणसाचं कायद्यातलं स्थान पाहण्यासारखं आहे. मुंबई राज्यात १९५९ साली झालेल्या भीकबंदीच्या कायद्याने भिकेची जी व्याख्या केली, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणंही येतं. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केल्या. तंबू ठोकून तिकीट लावलं तर कलावंत, थाळी फिरवली तर भिकारी. फरक पुन्हा भिंतीचाच.

तोलाचा सगळ्यांत मोठा खेळ मात्र देवाच्या नावावर चालतो. चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या नाचतात. तीस फुटांच्या आणि त्याहून उंच काठ्या तळव्यावर, कमरेच्या पट्ट्यावर पेलतात आणि हलगी-पिपाणीवर, गुलालात नाचवतात. बघणाऱ्याला वाटतं, जितकी उंच तितकी अवघड. वजनाला हे खरं, तोलाला उलटं. उभी काठी पडायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. फूटभर काडीपेक्षा पंचवीस फुटी काठी पाचपट सावकाश कलते, म्हणून हात खाली सरकवायला सवड मिळते. नाचवणारा तळव्याकडे बघतच नाही, त्याची नजर शेंड्यावर. घात करतो तो वारा, आणि चारी बाजूंनी दोर धरलेल्यांतला एखादा उतावळा. दोर ढिला धरायचा असतो, काठी जायलाच लागली तर आवरायची असते. एकाने घाबरून आधीच ओढला की समोरचाही ओढतो आणि धड असलेली काठी दोघांत फरपटते. गावच्या मिरवणुकीत तिसरा धोका म्हणजे वरून गेलेली विजेची तार. घामाने, पाण्याने भिजलेला बांबू वीज वाहतो. वाट आधी चालून बघायची आणि महावितरणकडून तेवढा वेळ लाईन बंद करून घ्यायची, याला पर्याय नाही.

उजेडाबद्दल बोलावं तेवढं थोडं. जुन्या माळांत सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकामागे एक जोडलेले असत. एक गेला की पूर्ण माळ अंधारात, आणि मग एक माणूस शिडीवर दिवा-दिवा चाचपत. आता एलईडी आल्या, वीज कमी खातात, पण त्या मरतात मात्र घाऊक. कारण बहुतेक वेळा जनरेटरच्या डब्यातला ढिला न्यूट्रल. साडेबासष्ट केव्हीएच्या जनरेटरवर तीन फेज असतात. देवळाची रोषणाई एकावर, स्टेज दुसऱ्यावर, दुकानं तिसऱ्यावर, आणि तिघांचा परतीचा रस्ता एकच. तो न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर कमी भार तिच्यावर २३०च्या जागी साडेतीनशे व्होल्टसुद्धा चढतात. खूण सोपी आहे. गावाचे अर्धे दिवे एकदम लखलखले आणि अर्धे मंदावले, तर कौतुक करत उभं राहू नका, मेन स्विच पाडा. दुसरी खोड लांबीची. दोनशे मीटरवर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकून १० ॲम्पियर ओढले, तर टोकाला १८ व्होल्ट कमी पोचतात. म्हणून जनरेटर देवळामागे लपवण्यापेक्षा भाराच्या मध्यावर हवा. त्याचा आवाज होतो ही तक्रार मान्य. गवताच्या पेंढ्यांची आडभिंत घालावी, पण हवा येण्याची बाजू आणि धुराड्याची बाजू मोकळी सोडून.

आवाजाची चूक दर वर्षी तीच. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की स्पीकरचा आवाज ६ डेसिबलने पडतो. मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून पुढचाच स्पीकर वाढवतात. पुढच्यांचे कान जातात, माईक कुई करतो, मागचे तसेच. मधे दुसरी जोडी लावली की काम होतं, फक्त तिला उशीर द्यावा लागतो. उन्हाळी हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटर जातो, तेव्हा ३५ मीटरवर सेकंदाचा दहावा भाग. हे विसरलं तर सोंगाड्याचा विनोद दोनदा ऐकू येतो आणि एकदाही कळत नाही. हलगीला यातलं काही लागत नाही. तिचं दुखणं दव. पहाटेकडे कातडं ओल धरून ढब-ढब बोलायला लागतं, मग पाचटाचा जाळ करून ती शेकायची. फार जवळ धरली तर कातडं फाटतं. शेकणारा बोटाने टिचकी मारून ऐकत राहतो.

दहाची वेळ सगळ्यांना माहीत आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट द्यायची मुभा सरकारला ठेवली. छबिना नऊपर्यंत रेंगाळतो, तमाशाला सुरुवातीचे गण आणि गवळण उरकायलाच तास लागतो, मग वग, म्हणजे मुख्य नाट्य, कापावा लागतो. बाळंतिणीच्या आणि दमेकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर नियम बरोबर आहे. छबिना लवकर निघावा हे त्याहून बरोबर, पण मानकऱ्यांची वाट बघणं कुणाला चुकलेलं नाही.

उरतो वळीव. दुपारी चारला पश्चिमेला काळं दिसलं की सहाच्या आत वारं येतं. ६ मीटर रुंद, ४ मीटर उंच पडद्यावर ताशी ६० किलोमीटरचा वारा साधारण ४०० किलोचा रेटा देतो. शहाणा मांडववाला खांब नायलॉनने आवळतो आणि कापड सुतळीने. सुतळी तुटते, कापड उडून बोरीच्या काट्यात जातं, खांब उभे राहतात. दोन्ही नायलॉनने बांधणारे मांडवासकट आडवे होतात. तेही कापड वाचवण्यासाठी.

हजेरी संपली, हगाम्याची शेवटची निकाली कुस्ती सुटली की आवराआवर भराभर होते. मेखा हलवून हलवून काढायच्या, सरळ उपटल्या तर बांबू चिरतो. भोकं तिथल्या तिथे बुजवायची, नाहीतर बैलाचा पाय जातो. केबल ओली गुंडाळायची नाही. आठवड्याभराने देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लागतो. तमाशा, दारूकाम, वाजंत्री, मांडव, डिझेल, फक्की दोन पोती. त्याखाली पट्टी राहिलेल्यांची नावं, आणि तो कागद तमाशापेक्षा जास्त वेळ वाचला जातो. वावरातली फक्कीची रेघ तशीच असते. पोरं संध्याकाळी तिच्यात झोंबत राहतात, कुळव फिरेपर्यंत.