आठ महिने, चार बाटल्या : घरच्या वाइन-चाखणीची नोंद

मागच्या नोंदीनंतर आठ महिन्यांत युरोपातील पांढऱ्या वाइनच्या चारच बाटल्या माझ्या हाती लागल्या : फ्रान्सच्या शाब्ली, म्यूस्काडे आणि साँसेर, आणि जर्मनीतील मोझेल खोऱ्याची रीसलिंग (हे द्राक्षाच्या वाणाचे नाव). जे मिळेल त्यातूनच निवडायचे असल्यामुळे प्रदेशांची यादी पुरी करण्याचा नाद मी सोडला असून, आता एकच बाटली तीन दिवस पुरवून चाखतो. बूच काढल्याबरोबर अर्धी वाइन ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. आत हवेला जागाच उरत नसल्याने तिसऱ्या दिवशीही ती जवळपास पहिल्या दिवशीसारखीच ताजी लागते.

शाब्लीने तापमानाचे महत्त्व पटवून दिले. फ्रीजमधून काढलेल्या पहिल्या घोटात लिंबाचा आंबटपणा तेवढा जाणवला. पेला तळहातात धरून वाइन ११-१२ अंशांवर येऊ दिली, तेव्हा हिरव्या सफरचंदाचा वास आणि मागे रेंगाळणारी खारट छटा उलगडली. तेथील जमिनीतल्या शिंपल्यांच्या जीवाश्मांची चव थेट द्राक्षात उतरते, हे मात्र मला पटत नाही. म्यूस्काडेच्या लेबलावर ‘सुर ली’ असे होते, म्हणजे ती हिवाळाभर यीस्टच्या गाळावर मुरलेली होती. आंबलेल्या पिठाचा मंद वास आणि जिभेच्या टोकावरची बारीक चुणचुण एवढ्यावरून ती आता डोळे मिटून ओळखता येईल, असे वाटते.

सर्वाधिक वेळ मी रीसलिंगला दिला. काबिनेट या हलक्या जर्मन प्रकारच्या त्या बाटलीत मद्यार्क ८.५ टक्केच होता, कारण द्राक्षातील सगळी साखर आंबण्यापूर्वीच किण्वन थांबवलेले असते. मोझेलच्या बाटलीवर ८-९ टक्के दिसले तर गोडवा आणि १२ च्या आसपास दिसले तर कोरडेपणा, म्हणजे गोडवा नसणे, अपेक्षित धरावा, ही खूण निवड तोकडी असताना फार कामाची ठरते. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरड्या वाइनमध्येही लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, हे वाचून मी एक लिटर पाण्यात तेवढी साखर विरघळवली. पाणी स्पष्ट गोड लागले; त्यात लिंबू पिळत गेलो, तसा गोडवा आंबटपणाआड जवळजवळ दिसेनासा झाला. त्यानंतर रीसलिंगचा घोट घेतला, तेव्हा या दोन्ही चवी एकमेकींना कशा तोलून धरतात ते प्रथमच नीट कळले. जुन्या रीसलिंगमध्ये येणारा रॉकेलसारखा वास या कोवळ्या बाटलीत नव्हता.

साँसेरने मात्र निराशा केली. ती ज्या द्राक्षाची असते त्या सॉव्हिन्याँ ब्लाँचा गवताळ, टवटवीत वास येण्याऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा कुबट दर्प आला. सुरुवातीला मी त्याला साँसेरच्या वर्णनात येणारा गारगोटीचा वास समजलो, कारण त्या वाणाची दुसरी बाटली ताडून पाहायला नव्हती. पण वाइन कोमट होत गेली तसा तो दर्प वाढतच गेला आणि फळाचा मागमूसही उरला नाही. हा बुचातून उतरलेला टीसीए या संयुगाचा दोष होता. तो पिण्यास अपायकारक नसतो, म्हणून उरलेली वाइन मी ओतून न देता तीन दिवस रोज हुंगत राहिलो आणि तो वास वहीत पानभर टिपून ठेवला.

रीसलिंगची त्याच वर्षाची दुसरी बाटली मिळाली आहे. ती पाच वर्षे आडवी ठेवणार आहे.