काठेवाडी घोडीसाठी सौम्य स्पर निवडताना

माझी काठेवाडी घोडी रेवा १४३ सेंटिमीटर उंच आहे आणि माझी स्वतःची उंची १७६ सेंटिमीटर. खोगिरावर नीट बसून पाय सैल सोडले की तिच्या पोटाचा फुगवटा जिथे आत वळतो, त्याच्याही खाली माझ्या टाचा लोंबतात. स्पर म्हणजे घोड्याला इशारा देण्यासाठी बुटाच्या टाचेवर बांधायचे धातूचे साधन. ते निवडताना मला आलेल्या सगळ्या अडचणींचे मूळ या दोन मापांत होते, परंतु ते उमगायला मला जवळजवळ एक वर्ष लागले.

रेवाला पळवण्यासाठी स्पर लागत नाही. ती मुळातच चपळ आहे, पोटरीच्या नुसत्या दाबाने दुडकी धरते. मला स्पर हवे होते ते कडेने पाऊल टाकण्याच्या सरावासाठी, म्हणजे ‘आता मागचा डावा पाय थोडा बाजूला ने’ असे नेमके सांगण्यासाठी. पोटरीचा दाब त्या कामी फार मोघम पडत होता. तेव्हा मी दुकानातून स्परची एक जोडी आणली. तिची टाचेमागे निघणारी दांडी जेमतेम दीड सेंटिमीटर होती आणि टोकाला सहा दातांची छोटी चक्री होती. आखूड आणि लहान ते सौम्य, असा माझा समज होता आणि दुकानदारानेही तसेच सांगितले.

दोन आठवड्यांनी सकाळी खरारा करताना रेवाची निगा राखणारे मोतद्दार म्हणाले, “ताई, इथं हात लावून बघा.” डाव्या कुशीवर रुपयाएवढ्या जागेतले केस तुटले होते आणि खालची कातडी गरम लागत होती. रक्त आले नव्हते, तरीही मला फार वाईट वाटले, कारण त्या दोन आठवड्यांत रेवा शेपटी झटकत होती, कान मागे पाडत होती आणि मी त्याला तिचा हट्ट समजत होते. ते स्पर मी त्याच दिवशी काढून ठेवले.

आमच्या प्रशिक्षकांनी नवे स्पर सुचवण्याआधी मला दोन महिने रोज वीस मिनिटे रिकिबीशिवाय बसायला लावले. त्यांची तपासणीची रीत साधी होती. माझ्या बुटांच्या टाचांना आतल्या बाजूने ते पांढरा खडू फासत आणि पंधरा मिनिटांच्या सरावानंतर रेवाच्या कुशी बघत. रेवा गडद कुमैत, म्हणजे काळपट तांबूस, असल्यामुळे खडूची प्रत्येक खूण स्पष्ट दिसे. पहिल्या दिवशी डाव्या बाजूला खालून वर गेलेले लांब ओरखडे उमटले होते. टाच कुशीच्या खाली लोंबत असल्यामुळे मी प्रत्येक इशाऱ्याला टाच वर उचलत होते, त्याबरोबर गुडघा आवळला जात होता आणि जिथे चक्रीने नुसता स्पर्श करायचा तिथे ती कातडीवरून खरवडत वर जात होती. आखूड दांडीने माझ्या पायाला ही चूक करायला भागच पाडले होते. सहाव्या आठवड्यानंतर ओरखड्यांच्या जागी ठिपके उमटू लागले आणि मग स्परचा विषय पुन्हा निघाला.

प्रशिक्षकांनी चार प्रकारचे स्पर समोर ठेवले आणि प्रत्येक माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर सारख्याच जोराने दाबून पाहायला सांगितला. बोथट पण चपटे, अरुंद टोक हाडावर रुतत होते. गोल गोळी असलेले टोक पुष्कळ सुसह्य होते, कारण तोच जोर जास्त जागेवर पसरत होता. दातांच्या चक्रीबाबत माझा समज तर उलटाच निघाला. मोठ्या चक्रीला पुष्कळ दात असतील तर दाब वाटला जातो, लहान चक्रीला मोजकेच दात असतील तर प्रत्येक दात एकटा टोचतो. चौथ्या स्परला दात नसलेले, गुळगुळीत, मोकळे फिरणारे चाक होते आणि हात हलला तरी ते कातडी ओढण्याऐवजी तिच्यावरून फिरत गेले. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेच्या, आंतरराष्ट्रीय नियमांतही चक्री असल्यास ती मोकळी फिरणारी आणि बिनदातांची असावी लागते.

चाकाचा निर्णय झाला, तरी टाच आणि कूस यांच्यातले अंतर तसेच होते. त्यासाठी हंसाच्या मानेसारखी आधी वर चढून मग सरळ मागे जाणारी दांडी घेतली. तिची लांबी तीन सेंटिमीटर आहे, म्हणजे पहिल्या जोडीच्या दुप्पट. लांब दांडी म्हणजे जास्त कठोर, असे ऐकत आल्यामुळे मी बराच काळ कचरले. आखूड पायांच्या किंवा अस्थिर टाचेच्या स्वाराने अशी दांडी मुळीच वापरू नये, कारण ती न मागता लागत राहील. माझ्यासाठी मात्र ती योग्य ठरली, कारण आता टाच खालीच राहते आणि पायाचे बोट किंचित बाहेर वळवले की चाक टेकते.

मापाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागले. टाचेला वेढणारी स्परची कमान सैल असेल तर स्पर फिरतो आणि दांडीची दिशा बदलते, म्हणून बूट घालूनच माप दिले. कमान घोट्याच्या हाडाखाली आडवी बसते, तिची लांब भुजा आणि पट्ट्याची बक्कल दोन्ही बाहेरच्या बाजूला येतात. कानपूरच्या बनावटीची ही स्टेनलेस स्टीलची जोडी पावसाळ्यातही गंजली नाही, परंतु चाकात लाल चिखल वाळला की ते अडकते आणि अडकलेले चाक खरवडते. म्हणून प्रत्येक वेळी खोगीर चढवण्याआधी मी ते बोटाने फिरवून बघते.

आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी तीन दिवस मी स्परशिवायच बसते. उरलेल्या दोन दिवशी आधी पोटरी, उत्तर आले नाही तरच चाकाचा क्षणभर स्पर्श, आणि रेवाने पाऊल टाकताच पाय सैल, हा क्रम मी मोडत नाही. डाव्या कुशीवर केस पुन्हा आले आहेत. तरीही खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सोडल्यावर तिथे केसांच्या उलट दिशेने हात फिरवण्याचे काम मी मोतद्दारांवर सोपवत नाही.