एमआरआयवालीकडे टीएलडी बॅज कुठून येणार? माझा अनुभव

गेली दोन वर्षं मी गोव्यात फिरती एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. कुठे कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुठे मशीन आलं पण माणूस मिळाला नाही, की दोन-तीन महिन्यांच्या करारावर मी जाते. घर डिचोलीत. म्हापसा कदंब बसने जाऊन-येऊन जमतं. मडगावला मात्र खोलीच घ्यावी लागते. दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, दोन दिवसांत हात बसतो. मी अडकले ती कागदावर.

दक्षिण गोव्यातल्या एका रुग्णालयाने मुलाखतीच्या दिवशीच होकार दिला. डिप्लोमा, हेपॅटायटिस बीच्या लशीचा दाखला, अनुभवपत्र, सगळं दिलं. मग एचआरमधून फोन आला: टीएलडी बॅजचा नंबर आणि डोस रिपोर्ट आणा.

टीएलडी बॅज एक्स-रे, सीटीवाल्यांच्या छातीवर असतो. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते दर तीन महिन्यांनी त्यावरून मोजतात. एमआरआय चालतं चुंबकावर आणि रेडिओलहरींवर, तिथे त्या बॅजला मोजायला काही नसतंच. हे फोनवर सांगितलं, ईमेल केला, शेवटी स्वतः गेले. टेबलापलीकडच्या बाई एकच म्हणत राहिल्या, "बाय, रकाना रिकामा असला तर फॉर्म वर जात नाही." मी 'लागू नाही' लिहून दिलं. चार दिवसांनी फॉर्म परत आला, त्या दोन शब्दांभोवती लाल गोल. "मग आधीच्या रुग्णालयातून आणा." नसलेल्या बॅजचा रिपोर्ट त्यांनी तरी कुठून द्यावा?

19 दिवस गेले. खोलीचं भाडं चालू होतं. त्याहून लागलं ते वेगळंच: माणूस नाही म्हणून तिथली एमआरआयची दुसरी पाळी बंद होती आणि कंबर धरून आलेल्यांना पुढच्या महिन्याच्या तारखा मिळत होत्या. आजही आठवलं की संताप येतो.

सुटलं ते सीटीमधल्या एका दादांमुळे. ते मला आरएसओंकडे, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी लेटरहेडवर लिहिलं: एमआरआयमध्ये आयनीकारक किरण नाहीत, या फक्त एमआरआयवर काम करतील, टीएलडी लागू नाही. सही, शिक्का, दहा मिनिटं. तेव्हा एचआरशी वाद घालत बसू नका, आधी आरएसओंना गाठा. आणि करारात सीटीची एखादी जरी पाळी असेल, तर बॅज मागूनच घ्या, त्याशिवाय उभं राहू नका.

नव्या जागी पहिल्या पाळीआधी क्वेंचचं, म्हणजे आणीबाणीत चुंबक बंद करायचं बटण कुठे आहे, टेबल हाताने कसं बाहेर ओढायचं आणि चुंबकाच्या खोलीत चालणारा ॲल्युमिनियमचा ऑक्सिजन सिलिंडर कुठे ठेवतात, हे स्वतः पाहून घ्या. वेल्डिंग, ग्राइंडिंग केलेल्या माणसाला डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे विचाराच. 'पेसमेकर नाही' एवढ्यावर थांबू नका.

तिथली माझी पहिली रुग्ण एक आजी होत्या. दागिने, सेफ्टी पिन सगळं काढलं म्हणाल्या. अंबाड्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा होता. मी विचारून त्याखाली बोटं फिरवली. केसांचे दोन आकडे निघाले. ते ट्रेमध्ये ठेवले आणि मगच दार उघडलं.